नावं सारखी असतात

प्रिय दादा,

चार थांब्यांवर राहणाऱ्या भावाला पत्र कशाला लिहायचं, असं म्हणत तू पाकीट उलटंसुलटं करून बघशील. वहिनीला लगेच दाखवू नकोस. एकट्यानेच वाच, आणि कामावर निघायच्या आधी तर नकोच. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणाऱ्याचं डोकं ठिकाणावर हवं, हे तूच सांगत असतोस. मी फोनवर तीनदा सुरुवात करून पाहिली. पहिल्यांदा तू विचारलंस, "नळ पुन्हा गळतोय का?" दुसऱ्यांदा मी मुलीच्या खोकल्यावर घसरले. तिसऱ्यांदा तू हसून म्हणालास, "काहीतरी हवंय तुला, माग की सरळ." तिथे मी फोनच ठेवून दिला. कागद मध्येच काही विचारत नाही, म्हणून कागद.

बातम्या आधी सांगते. मुलीचा खोकला थांबला. जिन्याला रंग दिलाय, हिरवट, दवाखान्यासारखा. कठड्याला हात लावला की अजून चिकटतो. समोरच्या शिंपीणबाई जागा सोडून गेल्या. आणि मी सोमवारपासून घरी आहे. रजा नाही घेतलेली. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस, थेट फोन करशील, आणि फोनवर मी पुन्हा नळावरच येईन.

तुझं नाव पहिल्यांदा अडलं त्याला आता सात वर्षं होतील. एका मोठ्या इस्पितळात नवी लिफ्ट बसवायला कंपनीने तुम्हा चौघांना पाठवलं होतं. विमानतळावर तिघांना मशीनमधून बोर्डिंग पास मिळाले, तुला मात्र चिठ्ठी आली, काउंटरवर जा. काउंटरवरून तुला आतल्या खोलीत नेलं आणि तासाभराने सोडलं. संध्याकाळी तू फोनवर किती हसत होतास! जगाच्या पाठीवर कुठेतरी तुझ्याच नावा-आडनावाचा एक माणूस आहे, त्याने काहीतरी भयंकर केलंय, आणि लोक त्याला शोधताहेत. पुढे तू तक्रार केलीस तेव्हा कळलं की सुरक्षेच्या यादीत त्या माणसाच्या जन्मतारखेचा रकानाच रिकामा आहे. रिकाम्या रकान्यात काय, कोणीही बसतं. तू म्हणायचास, "लोकांचं नाव मोठं, लक्षण खोटं. माझं लक्षण बरं आहे, नावच खोटं निघालं." सगळे हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "चोर सोडून संन्याशाला फाशी." आणि मग हळूच, "मी मेलीने दुसरं काहीतरी ठेवलं असतं नाव, तर." तू तिला जवळ घेऊन सांगायचास की नाव छान आहे, आहे म्हणून तर दोघांनी घेतलं.

हळूहळू तुझं हसणं कमी झालं, ते मी बघत होते. तू ती निळी फाइल केलीस. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, कंपनीचं पत्र, लग्नाचा दाखला, घरपट्टीची पावती. दोन तासांऐवजी चार तास आधी निघायला लागलास. बरोबरचे लोक पुढे जायचे, तू मागच्या विमानाने पोचायचास, आणि साहेब विचारायचे की तुमचंच का दर वेळी असं होतं. तुझ्या मुलाने एकदा जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही काही केलं होतं का लहानपणी?" तू घास तसाच हातात धरून बसलास. वहिनीने विषय बदलला. मी समोरच होते, आणि विमानतळावर मी काम करते त्या काउंटरच्या पलीकडून हे कसं दिसतं ते तुम्हाला सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. सांगितलं नाही.

ते आता सांगते. यादीतलं नाव जुळलं की आमच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला तांबडी पट्टी येते. पट्टी आली की प्रवाशाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, असं पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बघितलं की समोरच्याला कळतं. "आज सिस्टीम जरा हळू आहे," एवढंच म्हणायचं आणि टेबलाखालचं बटण दाबायचं. हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल! एकदा तर सहा वर्षांच्या पोराचं नाव जुळलं. त्याला बुटाचे बंद बांधता येत नव्हते, त्याची आई खाली वाकून ते बांधत होती, आणि मी म्हणाले, सिस्टीम हळू आहे. घरी येऊन नीट जेवले, झोपले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण माझ्या घरचंच जळत होतं, दादा, आणि तरी मी बटण दाबत होते.

पाच नंबरच्या काउंटरवर माझ्याबरोबर लागलेली एक जण होती. तिच्यासमोर तिचे शाळेतले मास्तर आले, पट्टी लागली. ती पटकन बोलून गेली, "मी ओळखते यांना, साधे माणूस आहेत." झालं. तिचा कामाचा पास काढून घेतला आणि सात आठवडे चौकशी केली. तुमचं यांच्याशी काय नातं, किती वर्षांचं, यांच्या घरी जाता का, हेच पुन्हा पुन्हा. परत आली तेव्हा तिला तळघरात सामानाच्या पट्ट्यावर टाकलं. अजून तिथेच आहे. यादीतल्या माणसाशी ओळख असेल तर आपणहून लेखी कळवायचं, असा नियम आहे आमच्याकडे. मी तुझ्याबद्दल कधी कळवलं नाही. लग्नानंतरचं माझं आडनाव वेगळं, कोणाला कळायचं कारण नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी स्वतःला म्हणत राहिले.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो गुरुवार. तू तो इतक्यांदा सांगितलास की मला तुझ्या शब्दांत पाठ आहे. बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला: आईचं आता काही खरं नाही, डॉक्टर दोन दिवस म्हणताहेत, निघा. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या विमानात एकच जागा होती. तू पुढे जायचं आणि मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने यायचं, असं ठरलं. तू पहाटे पाचलाच फाइल घेऊन आलास. मी आत मागच्या खोलीत होते. तीनच दिवसांपूर्वी मला सुपरवायझर केलं होतं, खुर्चीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. तीन नंबरच्या नव्या मुलीसमोर तू उभा राहिलास, पट्टी आली, तिने बटण दाबलं. दोघे आले आणि तुला घेऊन गेले. तू त्यांना सांगितलंस, आई शेवटची घटका मोजतेय. फाइल दाखवलीस. आणि सांगितलंस, माझी बहीण इथेच कामाला आहे, सुपरवायझर आहे, बाहेर जाऊन तिला विचारा, ती पन्नास पावलांवर आहे. ते गेले, परत आले, आणि तुला विचारत राहिले. तुझा फोन त्यांनी काढून घेतला होता. संध्याकाळी साडेपाचला सोडलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत विमानप्रवास करता येणार नाही, अशी चिठ्ठी हातात दिली.

आई दोन वाजून वीस मिनिटांनी गेली. ताईने मला फोन केला, तुझा लागत नव्हता म्हणून. मी काउंटरमागेच उभी होते. एका बाईंना खिडकीची जागा हवी होती, ती मी त्यांना दिली. मग त्या खोलीपर्यंत गेले. दाराला वर छोटी काच आहे, माझ्या उंचीला ती पुरत नाही. टाचा उंच केल्या असत्या तर तू दिसला असतास. मी केल्या नाहीत. परत येऊन शिफ्ट संपवली आणि बाहेर टॅक्सीच्या रांगेपाशी तुझी वाट बघत बसले. तू बाहेर आलास, माझ्याकडे बघितलंस, आणि मला काही सांगावंच लागलं नाही. तू खांबाला टेकलास. म्हणालास ते एवढंच, "साधं बाहेर येऊन तुला विचारलं असतं, तर. विचारलंसुद्धा नाही गं त्यांनी." मी तुझ्या हातातली फाइल घेतली.

रात्रभर आणि अर्धा दिवस, एकोणीस तास बसमध्ये होतो आपण. तू म्हणालास, तू तरी विमानाने जा, तुझं तिकीट आहे; मी नाही म्हणाले. तुला ती माया वाटली. अर्धी होतीही. उरलेली अर्धी भीती होती, सकाळी पुन्हा त्याच काउंटरसमोर जाऊन उभं राहण्याची. तू मला खिडकीची जागा दिलीस, अंगावर तुझं जाकीट घातलंस, आणि माझीच माफी मागितलीस. "माझ्या नावापायी तुझंही चुकलं," म्हणालास. पोचलो तेव्हा आईला नेऊन झालं होतं. ताईने सकाळपर्यंत थांबवून ठेवलं होतं, पुढे तिचा इलाज चालला नाही. पलंगावरची चादर नुकतीच बदलली होती, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तू त्या घड्यांवरून हात फिरवत बसलास.

ताईने तुला जे सांगितलं नाही, ते मला सांगितलं. आई सकाळपासून शुद्धीवर होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "कुठवर आला?" ताई म्हणायची, विमानात बसलाय. अकराच्या सुमाराला आईने नर्सला सांगितलं, मला झोपेचं काही देऊ नका, माझा मुलगा येतोय, मला जागं राहायचंय. औषधाशिवाय ती तीन तास जागी राहिली. दुखत होतं, दादा. ओठ चावून जागी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "नावावरून अडवलं असेल त्याला." हे मी दोन वर्षं एकटीने बाळगलं. तुला कळू नये असं ताईचं म्हणणं होतं. मला ते सोयीचंही होतं.

पुढचं तुला माहीतच आहे. चौकशी संपली असं कोणीच कधी म्हणालं नाही. कंपनीने वर्षभर वाट पाहिली, मग तुला बाहेरच्या कामांवरून काढलं. चाळीस मजल्यांच्या लिफ्ट उभ्या करणारा माणूस आता जुन्या इमारतींमधून तेल-ग्रीस करत हिंडतो आणि अडकलेल्या म्हाताऱ्यांना बाहेर काढतो. तू दोनदा अर्ज केलेस, दोन्ही वेळा छापील उत्तर आलं. वकीलबाईंनी तिसरा केला, त्याचं उत्तर गेल्या महिन्यात आलं, ते तू मला वाचून दाखवलंस: चौकशीच्या वेळी प्रवाशाने नातेवाइकाबाबत दिलेली माहिती खोटी आढळली, सबब नाव वगळता येत नाही. तू कागद टेबलावर आपटलास. "कोणाला विचारून आढळली?" म्हणालास. मी चहाचे कप उचलून आत गेले.

त्या सकाळची एक गोष्ट मी वर गाळली आहे. पत्र लिहायला बसले ती खरं तर तेवढीच लिहायला, आणि आतापर्यंत तिच्याभोवती फिरत राहिले. सात वाजायला वीस मिनिटं होती. मागच्या खोलीत मी होते आणि आमचे मॅनेजर होते. दारावर टकटक झाली. सुरक्षेचे एक अधिकारी आत आले. वयस्कर, सभ्य, चष्मा कपाळावर चढवलेला. हातातल्या कागदावर माझं नाव लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "आत एक प्रवासी आहेत. म्हणताहेत की तुम्ही त्यांची बहीण. आहात का?" मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मनात आई आली नाही, दादा. तू आला नाहीस. तळघरातला तो सामानाचा पट्टा आला, एवढंच. मी म्हणाले, "नाही. दुसऱ्या कोणाबद्दल म्हणत असतील. नावं सारखी असतात, साहेब." त्यांनी मान हलवली. "हो, होतं असं," म्हणाले, आणि गेले. सात वर्षं तू दाखले दाखवून जे कोणाला पटवू शकला नाहीस, ते माझ्या बाबतीत एका वाक्यात पटलं. मी हो म्हटलं असतं तर तू त्या विमानात बसला असतास. विमान दहा चाळीसला उतरलं. मी ते त्या दिवशी स्क्रीनवर बघितलं. साडेअकरापर्यंत तू आईपाशी असतास. कारणं शोधायला बसले तर दहा सापडतील: नवी खुर्ची, मुलीची शाळा, मॅनेजर समोर होते, तुला नेहमीसारखं तासाभरात सोडतील असं वाटलं. यातलं शेवटचं थोडंसं खरं आहे. पण दुपारी दोन वीसनंतर मला काय वाटत होतं, त्याला एकही कारण नाही. तेव्हाही जाऊन सांगता आलं असतं.

हे आत्ता का लिहितेय, तर रविवारमुळे. तू मुलीला भेटायला आलास, आणि जाताना दारात, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "मी त्यांना तुझं नाव सांगितलं होतं ना गं? की सांगायचंच राहिलं माझ्याकडून? हल्ली मला खात्री देता येत नाही." वहिनीने सांगितलं की तू रोज सकाळी बेसिनपाशी उभा राहून त्या दिवशीची उत्तरं पुन्हा पुन्हा म्हणतोस, कुठे चुकलं ते शोधतोस. आणि शुक्रवारी वकीलबाईंकडे जाऊन अर्ज मागे घेणार आहेस, कारण चूक तुझीच असणार. आईचे ते तास मी घेतले, तुझं काम घेतलं. आता तुझं डोकंही घेतेय, हे मला रविवारी दारात कळलं. सोमवारी मी लेखी जबाब दिला, तारीख, वेळ, त्यांचा प्रश्न आणि माझं उत्तर, सगळं. मॅनेजर म्हणाले, "दोन वर्षांनी हे कशाला उकरताय?" पास काढून घेतला, चौकशी लागेल, कदाचित खटलाही. जबाबाची सही केलेली प्रत वकीलबाईंकडे पोचली आहे. त्या म्हणाल्या, आता सुनावणी टाळता येणार नाही त्यांना, पण अर्ज जिवंत हवा. म्हणून शुक्रवारी तो मागे घेऊ नकोस. तू सांगितलं होतंस, दादा. नाव, आडनाव, हुद्दा, सगळं नीट सांगितलं होतंस. ते विचारायलाही आले होते. खोटं मी बोलले. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही, तेवढं तोंड मला नाही. सुनावणीला मला बोलावतील तेव्हा आपण एकाच खोलीत असू. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. मला विचारतील, हे तुमचे कोण. मी सांगेन, माझा थोरला भाऊ. मग तुला विचारतील, ही तुमची कोण. तेव्हा तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग.

अजूनही तुझीच,
धाकटी